नाव दिसेपर्यंत

बारशाला आत्याने स्टीलचं ताट दिलं.
बर्तन बाजारातल्या कोरणाऱ्याने मधोमध कोरलं:
चि. हेमांगि.
वेलांटी चुकली. अक्षरामागे पैसे ठरलेले,
मागे गिऱ्हाईक उभं, आणि आत्याला बस गाठायची होती.

घरात कायदा एकच. नाव दिसेपर्यंत उठायचं नाही.
भाताखालून आधी ‘चि.’ निघायचं,
मग ‘हे’ची मात्रा, आमटीत बुडालेली.
‘मां’वरचं टिंब तर कायम
दोडक्याच्या फोडीखाली दबलेलं.
एका रविवारी दुपारी मी त्या टिंबापाशी अडकले
ती थेट दिवेलागणीपर्यंत.
दादा रागावले नाहीत. समोर बसून राहिले,
मिलमध्ये हजेरीच्या वहीसमोर बसत तसे.

मग मिललाच टाळं लागलं.
भोंगा बंद झाला आणि घरातलं घड्याळ ऐकू येऊ लागलं.
वहिनी (आम्ही आईला वहिनीच म्हणायचो,
काकांचं ऐकून)
पोळ्या मोजून डब्यात ठेवू लागली.
दादा जेवण झालं की ताटात पाणी ओतायचे,
बोटाने कड फिरवून घ्यायचे
आणि ते पाणी पिऊन टाकायचे.
त्यांच्या ताटावर नाव नव्हतं.
त्यांना काय दिसेपर्यंत जेवायचं होतं
हे मी कधी विचारलं नाही.

स्नेहलतागंजात सासरी आले, ताटही सोबत आलं.
पंगतीत वाढप्याला नको म्हणता आलं नाही कधी,
आणि वाढलेलं टाकता आलं नाही.
सराफ्यात रात्री अकराला, पोट नको नको म्हणत असताना,
गराडूची शेवटची फोड मी द्रोणातल्या मसाल्यासकट संपवली.
रेवाने टाकलेल्या पोळीच्या कडा,
ह्यांनी दुधावरून बाजूला सारलेली साय,
कढईतली खरवड,
‘एवढंसंच तर आहे’ म्हणून उरलेलं सगळं.
फ्रिजला कप्पे चार. पाचवा मी.
“आई, तू जेवतेस की भांडी घासतेस?”
रेवाने एकदा विचारलं.
मी हसले, आणि तिची वाटी पुसून घेतली.

या सोमवारी रेवाची लेक, साडेतीन वर्षांची,
वरणभाताचे सहा घास खाऊन म्हणाली, “बास.”
तोंड मिटलं. विषय संपला.
ताटलीत छापलेला हत्ती, सोंडेवर भात.
माझ्या ओठांवर आलंच होतं,
हत्ती दिसेपर्यंत…
आणि कळलं, दादांच्या जागेवर मी बसले आहे,
हजेरीची वही उघडून.
वाक्य गिळलं.
(पुन्हा काहीतरी गिळलंच.)
ती उठली, पडद्यामागे लपायला गेली.
हत्ती तसाच राहिला, भातात पाय रोवून.

रात्री माझ्या ताटात दोन घास खिचडी उरली.
उरली कसली, ठेवली.
नेमकी ‘गि’वर.
हात तीनदा गेला. तीनदा मागे घेतला.
स्वयंपाकघरातला दिवा न लावता, चोरासारखे,
ते दोन घास ओल्या कचऱ्याच्या डब्यात लोटले.
ताट नळाखाली धरलं.
नाव आपोआप वर आलं,
चुकलेल्या वेलांटीसकट, अख्खं.

मंगळवारी सकाळी कचरागाडी आली.
शेजारचे रेटरेकर सांगतात, ओल्या कचऱ्याचा गॅस होतो,
त्यावर आपली सिटी बस धावते.
धावत असेल.
गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी फाटकात उभी होते,
कुणाला तरी स्टेशनवर सोडायला गेल्यासारखी.

बुधवारी चार घास उरले.
गुरुवारी ताट चाटूनपुसून लख्ख केलं.
भरली वांगी होती. भूक होती.
नाव दिसलंही असेल.
मी वाचलं नाही.